एव्हरेस्ट बेस कॅम्प : लहान गटातून जाताना

दिवाळीची सुट्टी किंवा एप्रिल-मे महिन्यांतील रजा जवळ आली, की पुण्या-मुंबईच्या भटक्यांमध्ये हिमालयाचे बेत शिजू लागतात. सह्याद्रीतील गडकोट पालथे घातलेल्यांना नेपाळमधील एव्हरेस्ट बेस कॅम्पची वाट विशेष खुणावते. या वाटेवर दोर, बर्फकुऱ्हाड किंवा गिर्यारोहणाचे तांत्रिक प्रशिक्षण लागत नाही. मुक्कामाला तंबूऐवजी निवासगृहे मिळतात आणि जगातील सर्वोच्च शिखराच्या पायथ्याशी पोहोचल्याचे समाधान लाभते. मात्र एकाच वेळी पंधरा दिवसांची रजा मिळणारे चार मित्र जमणे कठीण असते. त्यामुळे आठ-दहा अनोळखी सदस्यांचा छोटा गट, सोबत वाटाड्या आणि ठरलेली तारीख अशा योजनेत नाव नोंदविण्याकडे अनेकांचा कल असतो.

नाव नोंदविताना दर, निघण्याची तारीख, जेवण आणि खोल्या यांची बारकाईने चौकशी होते. कार्यक्रमपत्रिकेत कोणत्या उंचीवर किती रात्री काढायच्या आहेत, हे मात्र फार थोडे जण मोजतात. एखादा सदस्य आजारी पडल्यास त्याला खाली कोण आणणार, हेही सहसा विचारले जात नाही. प्रत्यक्षात या वाटेवरील सुरक्षितता मुख्यत्वे याच दोन गोष्टींवर अवलंबून असते.

वाट कशी आहे?

या पदभ्रमणाचा प्रारंभ लुक्ला येथून होतो. एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने १९६४ साली येथे धावपट्टी तयार झाली. २००८ साली या विमानतळाला तेनसिंग आणि हिलरी यांचे नाव देण्यात आले. डोंगरउतारावरील ही धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांबीची आहे. ढग आणि वारा यांमुळे येथील उड्डाणे बहुतांशी सकाळीच होतात आणि हवा बिघडल्यास ती एक-दोन दिवसही रखडतात. गर्दीच्या हंगामात लुक्लाची अनेक विमाने काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातील मंथली येथून सुटतात. तेथे पोहोचण्यासाठी काठमांडूहून मध्यरात्रीनंतर मोटारीने निघावे लागते. परतीच्या प्रवासाची तिकिटे काढताना किमान दोन दिवस राखीव ठेवावेत, असे सांगितले जाते ते याचसाठी.

लुक्लाहून वाट दूधकोसी नदीच्या खोऱ्याने वर चढते. प्रचलित कार्यक्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो. (उंची समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, निरनिराळ्या नकाशांत किरकोळ फरक आढळतो.)

पहिला दिवस : लुक्ला (२८६०) ते फाकडिंग (२६१०)
दुसरा दिवस : फाकडिंग ते नामचे बाजार (३४४०)
तिसरा दिवस : नामचे येथेच मुक्काम
चौथा दिवस : नामचे ते तेंगबोचे (३८६०)
पाचवा दिवस : तेंगबोचे ते डिंगबोचे (४४१०)
सहावा दिवस : डिंगबोचे येथेच मुक्काम
सातवा दिवस : डिंगबोचे ते लोबुचे (४९४०)
आठवा दिवस : लोबुचे ते गोरक्षेप (५१४०), तेथून बेस कॅम्प (५३६४) आणि पुन्हा गोरक्षेप
नववा दिवस : काला पत्थर (५५४५) आणि उतरून फेरिचे
दहावा ते बारावा दिवस : नामचेमार्गे लुक्ला आणि काठमांडू

बेस कॅम्प खुंबू हिमनदीवर आहे. तेथून एव्हरेस्टचे शिखर दिसत नाही, हे अनेकांना तेथे पोहोचल्यावरच कळते. शिखराचे दर्शन काला पत्थरवरून होते. वसंत ऋतूत बेस कॅम्पवर मोहिमांचे तंबू असतात, तर शरद ऋतूत बव्हंशी दगड आणि बर्फच असते. एव्हरेस्टची ८८४८.८६ मीटर ही सुधारित उंची नेपाळ आणि चीन यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी संयुक्तपणे जाहीर केली.

हवा विरळ होते म्हणजे काय?

उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण घटते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः हे प्रमाण सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते. घटतो तो हवेचा दाब. बेस कॅम्पच्या उंचीवर हा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळपास निम्मा होतो. परिणामी प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायूही तितकाच कमी होतो.

शरीर याला प्रथम जलद श्वसनाने उत्तर देते. जलद श्वसनामुळे कर्बवायू अधिक प्रमाणात बाहेर पडतो आणि रक्त किंचित अल्कधर्मी होते. हा असमतोल मूत्रपिंडे दूर करतात, परंतु त्यासाठी त्यांना काही दिवस लागतात. रक्तातील तांबड्या पेशींची भरीव वाढ होण्यास तर काही आठवडे जावे लागतात. शरीराला दिलेली ही सवड म्हणजेच ‘अक्लमटायझेशन’. तरुण वय, पिळदार शरीर किंवा मॅरेथॉन धावण्याचा सराव यांमुळे ही प्रक्रिया वेगाने होत नाही. उलट, तंदुरुस्त माणूस अधिक वेगाने चढतो आणि म्हणून अधिक लवकर अडचणीत येऊ शकतो.

उंचीवरील आजारांच्या अभ्यासात भारतीय लष्करी डॉक्टरांचे योगदान मोठे आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास हजारो जवानांना अल्पावधीत सखल भागांतून हिमालयातील ठाण्यांवर जावे लागले. त्यांतील १९२५ जवानांच्या निरीक्षणांवर आधारित, इंदरसिंग आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९६९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. या विषयातील तो पायाभूत निबंध मानला जातो.

खुद्द एव्हरेस्टच्या वाटेवरील पदयात्रींचा अभ्यास पीटर हॅकेट आणि ड्रमंड रेनी यांनी फेरिचे येथे केला. तो १९७६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पाहणीतील २७८ जणांपैकी ५३ टक्क्यांना उंचीच्या आजाराची लक्षणे आढळली. विमानाने थेट लुक्लाला उतरलेले, भराभर चढलेले आणि वाटेत कमी रात्री काढलेले यांच्यात आजाराचे प्रमाण अधिक होते. यापूर्वी उंचावर जाऊन आल्याचा अनुभव मात्र संरक्षण देणारा ठरला नाही.

मुक्कामांचे गणित

उंचीवरील वैद्यकातील सर्वमान्य नियम असा : ३००० मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याच्या ठिकाणाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा किती उंच चढलो यापेक्षा रात्री कोठे झोपलो, याला महत्त्व आहे. म्हणूनच नामचे आणि डिंगबोचे येथील जादा मुक्कामांच्या दिवशी गटाला जवळच्या चढावर नेऊन पुन्हा खाली आणतात. हा ‘विश्रांतीचा दिवस’ केवळ झोपून काढायचा नसतो आणि तो वाया गेलेला दिवसही नसतो.

वरील कार्यक्रमाला हा नियम लावून पाहावा. फाकडिंग ते नामचे ही एका दिवसाची चढ ८३० मीटरची आहे; म्हणून नामचेला दोन रात्री. तेंगबोचेला ४२० आणि डिंगबोचेला ५५० मीटरची भर पडते. म्हणून पुन्हा दोन रात्री. त्यानंतर लोबुचेला ५३० आणि गोरक्षेपला सुमारे २०० मीटर. म्हणजे हा बारा दिवसांचा कार्यक्रमदेखील नियमाच्या काठाकाठानेच चालतो. त्यात चैनीची म्हणता येईल अशी एकही रात्र नाही.

आता यातील दोन्ही जादा मुक्काम वगळून आखलेली ‘दहा दिवसांत बेस कॅम्प’ ही योजना पाहू. फाकडिंग ते गोरक्षेप ही झोपण्याच्या उंचीतील एकूण वाढ २५३० मीटर आहे. बारा दिवसांच्या कार्यक्रमात ती सात टप्प्यांत विभागली जाते आणि सरासरी दररोज ३६० मीटरच्या आसपास पडते. दहा दिवसांच्या कार्यक्रमात तीच वाढ पाच टप्प्यांत उरकावी लागते आणि सरासरी ५०० च्या वर जाते. दोन दिवसांची रजा आणि दोन दिवसांचा खर्च वाचतो; मात्र ज्या दोन रात्रींत शरीर उंचीशी जुळवून घेते, त्याच रात्री त्यासाठी खर्ची पडतात. इच्छुकांनी दरपत्रक पाहण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन ही बेरीज-वजाबाकी स्वतः करावी.

गट हा आधार की दडपण?

गटातून जाणे हे एकट्याने जाण्यापेक्षा सुरक्षित, अशी सर्वसाधारण समजूत आहे. उंचीच्या आजाराबाबत मात्र अनुभव निराळा आहे. काठमांडूत अनेक वर्षे काम केलेले डॉ. डेव्हिड श्लिम यांनी नेपाळमधील पदयात्रींच्या मृत्यूंचा अभ्यास केला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उंचीच्या आजाराने दगावलेल्यांत आयोजित गटांतून आलेल्यांचे प्रमाण, एकूण पदयात्रींतील त्यांच्या प्रमाणाच्या तुलनेत बरेच अधिक आढळले.

कारण समजण्याजोगे आहे. स्वतंत्रपणे जाणारा माणूस डोके दुखू लागल्यास आणखी एक दिवस थांबू शकतो. गटाचे मुक्काम, खोल्या आणि परतीचे विमान आधीच ठरलेले असते. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल, या संकोचाने सदस्य डोकेदुखी लपवितो, वेदनाशामक गोळी घेतो आणि सकाळी रांगेत उभा राहतो. वर्षभर साठविलेले पैसे, मिनतवाऱ्या करून मिळविलेली रजा आणि घरी-कार्यालयात केलेली घोषणा यांचे ओझे असतेच. सहकारी अनोळखी असतील तर ‘आपणच कच्चे ठरलो’ ही भावना अधिक बोचते.

लहान गटाचा खरा लाभ येथे आहे, पण तो आपोआप मिळत नाही. आठ जणांच्या गटात प्रमुखाला प्रत्येकाचा चेहरा, चाल आणि भूक यांतील बदल टिपता येतो. पंचवीस जणांच्या रांगेत ते शक्य नसते. मात्र गट लहान म्हणून सोबत एकच वाटाड्या दिला असेल, तर परिस्थिती अवघड होते. लोबुचेला एक सदस्य आजारी पडला, तर वाटाड्याने त्याला घेऊन खाली उतरायचे की उरलेल्या सात जणांसोबत पुढे जायचे? एकच वाटाड्या असल्यास या प्रश्नाची तीनच उत्तरे संभवतात : संपूर्ण गटाने माघारी फिरणे, आजारी माणसाने एकट्याने उतरणे किंवा त्याने तसेच वर जाणे. पहिले उत्तर सहसा कोणाला नको असते आणि उरलेली दोन जिवावर बेतू शकतात. म्हणून गट कितीही लहान असला, तरी मुख्य वाटाड्याखेरीज निर्णय घेऊ शकणारा, प्रशिक्षित असा किमान एक साहाय्यक सोबत असणे आवश्यक आहे.

लक्षणे ओळखताना

उंचीचा सौम्य आजार हा शहरी माणसाला परिचित असलेल्या ‘सकाळी चढल्यासारख्या’ अवस्थेसारखा असतो. डोकेदुखी, भूक मंदावणे किंवा मळमळ, असाधारण थकवा आणि चक्कर ही त्याची लक्षणे. २०१८ साली सुधारित झालेल्या ‘लेक लुईस’ गुणांकन पद्धतीत या चार लक्षणांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण देतात. डोकेदुखी आहे आणि एकूण गुण तीन किंवा त्याहून अधिक आहेत, तर आजार आहे असे मानले जाते. गटात रोज संध्याकाळी प्रत्येकाला हे चार प्रश्न विचारण्याची पद्धत ठेवल्यास लपवाछपवीला वाव उरत नाही.

आजाराची दोन रूपे प्राणघातक आहेत. मेंदूला सूज आल्यास माणूस अडखळतो, असंबद्ध बोलतो, गुंगीत जातो. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाची बोटे लावत सरळ रेषेत चालायला सांगितल्यास त्याचा तोल जातो. फुप्फुसांत पाणी साठल्यास बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, छातीत घरघर ऐकू येते आणि पुढे गुलाबी फेस पडू लागतो. हा दुसरा प्रकार डोकेदुखीविनाही उद्भवतो. त्यामुळे ‘डोके दुखत नाही, म्हणजे सर्व ठीक’ असे समजणे चुकीचे आहे.

या संदर्भात तीन सूत्रे प्रमाण मानली जातात.

- उंचावर प्रकृती बिघडल्यास, अन्य कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार समजावा.
- लक्षणे असताना झोपण्याची उंची वाढवू नये.
- लक्षणे वाढत असल्यास किंवा वरील दोन गंभीर प्रकारांचा संशय असल्यास तत्काळ, रात्र असली तरी, खाली उतरावे. आजारी माणसाला कधीही एकटे पाठवू नये.

काही गोष्टी मात्र घाबरण्याजोग्या नसतात. झोपेत श्वास काही क्षण थांबून पुन्हा जोराने सुरू होणे हे उंचावर निरोगी माणसांतही आढळते. खोलीतील सोबत्याने त्याने भयभीत होऊ नये. बोटाला लावण्याच्या ऑक्सिमीटरवर ५००० मीटरच्या आसपास पंच्याहत्तर ते पंच्याऐंशी हे आकडे धडधाकट व्यक्तीतही दिसतात. आकड्यापेक्षा लक्षणे महत्त्वाची. आकडा चांगला आहे, म्हणून आजारी माणसाला वर नेणे सर्वथा अयोग्य होय.

औषधांविषयी

ॲसिटाझोलामाइड (प्रचलित नाव डायमॉक्स) हे औषध मूत्रपिंडांच्या उपरोल्लेखित कामाला गती देते. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा ही मात्रा चढाईच्या आदल्या दिवसापासून सुचविली जाते. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवी होणे हे तिचे नेहमीचे परिणाम. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी विशेष खबरदारी घ्यावी. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि निघण्यापूर्वी घरी एकदा घेऊन पाहिल्यावर वापरावे. ते शरीराला मदत करते, पण वगळलेल्या मुक्कामांची भरपाई करीत नाही.

डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन ही औषधे गंभीर आजारात, खाली उतरविण्याची व्यवस्था होत असताना वापरली जातात. ती गटाच्या औषधपेटीत असावीत आणि ती केव्हा द्यायची, याचे ज्ञान गटप्रमुखाला असावे. झोपेच्या गोळ्या आणि मद्य वर्ज्य करावे. हृदयविकार, फुप्फुसाचे विकार, गर्भावस्था किंवा पूर्वी उंचीचा गंभीर आजार होऊन गेलेला असल्यास नाव नोंदविण्यापूर्वीच तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

वाटेवर वैद्यकीय मदतीची दोन ठिकाणे ज्ञात असावीत. खुंडे येथील रुग्णालय हिलरी यांच्या प्रयत्नांतून १९६६ साली उभे राहिले. फेरिचे येथे ‘हिमालयन रेस्क्यू असोसिएशन’चे केंद्र १९७३ पासून आहे. हंगामात तेथे उंचीच्या आजारावर दुपारी व्याख्यान होते. मुक्काम डिंगबोचेला असला, तरी गटाने वाट वाकडी करून ते ऐकावे.

आयोजकाला काय विचारावे?

आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवावीत.

- नामचे आणि डिंगबोचे येथे प्रत्येकी दोन रात्री आहेत काय?
- गटात कमाल किती सदस्य असतील? वाटाडे आणि साहाय्यक किती?
- एक सदस्य आजारी पडल्यास त्याच्यासोबत खाली कोण उतरेल? त्या मुक्कामाचा खर्च कोणाकडे?
- माघारीचा अंतिम निर्णय कोणाचा? तो सर्वांवर बंधनकारक आहे काय?
- वाटाड्याने प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले आहे काय? सोबत प्राणवायू आहे काय?
- जाहिरातदार स्वतः नेपाळमध्ये व्यवस्था पाहतो, की सदस्य अन्य संस्थेकडे सोपवितो? तिचे नाव काय?
- सदस्यसंख्या पूर्ण न झाल्यास तारीख रद्द होते, की हा गट दुसऱ्या गटात मिसळला जातो?
- लुक्लाचे विमान रखडल्यास वाया गेलेला दिवस कोठून कापला जातो?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. सुरुवातीला हुकलेला दिवस पुष्कळदा नामचे किंवा डिंगबोचेच्या जादा मुक्कामातून भरून काढला जातो. त्याऐवजी राखीव दिवस वापरला जाईल किंवा काला पत्थर वगळले जाईल, असे आधीच ठरवून घेणे हिताचे.

पोर्टरांचा विचार

सदस्यांचे सामान वाहणारे पोर्टर हे सर्वच शेर्पा नसतात. त्यांतील पुष्कळ जण राई, तामांग आदी समाजांतील, नेपाळच्या मध्यम उंचीच्या डोंगराळ भागांतून हंगामी कामासाठी आलेले असतात. उंचीचा त्रास त्यांनाही होतो. १९९७ साली एका तरुण नेपाळी पोर्टरला आजारी अवस्थेत मागे सोडण्यात आल्याने त्याचा मृत्यू ओढवला. त्यानंतर पोर्टरांच्या संरक्षणासाठी ‘इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप’ ही संस्था पुढे आली. नेपाळमध्ये एका पोर्टरवर ३० किलोंपेक्षा अधिक ओझे असू नये, त्याला थंडीचे कपडे, निवारा आणि विमा मिळावा आणि आजारपणात सदस्यांप्रमाणेच उपचार मिळावेत, अशी या संस्थेची भूमिका आहे. आयोजक पोर्टरांना कसे वागवितो, यावरून तो सदस्यांना अडचणीत कसे वागवील याचाही अंदाज येतो.

सह्याद्रीतील तयारी

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंचीचे आहे. साहजिकच सह्याद्रीत कितीही भटकंती केली, तरी हिमालयाच्या उंचीचा सराव होत नाही. पायांचा, गुडघ्यांचा आणि दमाचा सराव मात्र उत्तम होतो. निघण्यापूर्वी किमान तीन महिने आठवड्यातून चार-पाच दिवस चालणे किंवा धावणे, जिने चढणे आणि सुट्टीच्या दिवशी पाठीवर सात-आठ किलोंची सॅक घेऊन सिंहगड, राजगड, हरिश्चंद्रगड अशा वाटा चढणे उपयुक्त ठरते. सलग दोन दिवस सात-आठ तास चालून पाहावे. कारण बेस कॅम्पच्या वाटेवर दमछाक एका दिवसाची नसून बारा दिवसांची असते. बूट नवे असल्यास ते याच काळात पायांत रुळवावेत.

पुण्या-मुंबईचा गट असेल, तर आयोजकाने सदस्यांना एकत्र आणून एखादी भ्रमंती आधीच घडवावी. कोणाचा वेग किती, कोण अबोल आहे, कोण दुखणे लपवितो हे तेथे कळते. वाटेवर वेगाचा मापदंड सर्वांत सावकाश चालणाऱ्या सदस्याचा असावा. चालताना बोलता येईल इतकाच वेग ठेवावा.

परवाने, कागदपत्रे आणि विमा

भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानप्रवासासाठी पारपत्र किंवा निवडणूक ओळखपत्र सोबत ठेवावे. प्रौढांनी केवळ आधार कार्डावर विसंबू नये. या वाटेसाठी सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा प्रवेश परवाना आणि खुंबू पासांगल्हामु ग्रामीण पालिकेचा परवाना असे दोन परवाने लागतात. उद्यानाच्या शुल्कात सार्क देशांच्या नागरिकांना सवलत असल्याने ओळखपत्र हाताशी असावे. हे उद्यान १९७६ साली स्थापन झाले आणि १९७९ साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.

नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रींना परवानाधारक वाटाड्या बंधनकारक केला. खुंबूतील स्थानिक पालिकेने आपल्या क्षेत्रात तो न लावण्याची भूमिका घेतली. नियम काहीही असो, पहिल्यांदाच जाणाऱ्याने वाटाड्याविना जाऊ नये.

विमा उतरविताना पॉलिसीतील उंचीची मर्यादा वाचावी. प्रवासविम्याच्या अनेक पॉलिसींत ठरावीक उंचीवरील पदभ्रमण वगळलेले असते. काला पत्थरचा विचार करता ६००० मीटरपर्यंतचे संरक्षण आणि हेलिकॉप्टरने सुटकेचा खर्च यांचा स्पष्ट उल्लेख हवा. हेलिकॉप्टर बोलावण्यापूर्वी विमा कंपनीची संमती लागते काय, हेही पाहावे. किरकोळ तक्रारीवर हेलिकॉप्टर मागवून विमा कंपन्यांकडून रकमा उकळण्याचे प्रकार नेपाळ सरकारच्या २०१८ मधील चौकशीत उजेडात आले होते. खऱ्या गरजेच्या वेळी विलंब नको आणि गरज नसताना दडपणाखाली होकारही नको. शिवाय ढगाळ हवेत आणि रात्री हेलिकॉप्टर येत नाही. तेव्हा खाली उतरण्यासाठी स्वतःचे वा साथीदारांचे पाय, घोडा किंवा पाठ हीच साधने उरतात.

हंगाम आणि सामान

मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन हंगाम योग्य मानले जातात. शरद ऋतूत आकाश निरभ्र असते, तरीही हवामानाची शाश्वती नसते. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळाच्या प्रभावाने अन्नपूर्णा परिसरातील थोरोंग ला येथे हिमवादळ होऊन चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत पदयात्री होते, तसेच वाटाडे आणि पोर्टरही होते. हवामानाचा इशारा मिळाल्यावर एक दिवस थांबण्याची मुभा कार्यक्रमात असावी, हा त्यातील धडा आहे.

सामानात एका जाड जॅकेटपेक्षा कपड्यांचे थर असावेत : घाम शोषून घेणारा, ऊब देणारा आणि वारा-पाऊस अडविणारा. उबदार स्लीपिंग बॅग, टोपी, हातमोज्यांचे दोन जोड, अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा चष्मा, डोक्याला बांधायची विजेरी आणि चालण्याच्या काठ्या आवश्यक आहेत. दिवसभरात तीन-चार लिटर द्रवपदार्थ पोटात जावेत. पाणी उकळून किंवा शुद्धीकरणाच्या गोळ्या टाकून प्यावे आणि स्वतःची टिकाऊ बाटली न्यावी. खुंबू परिसरात जानेवारी २०२० पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर निर्बंध आहेत. वरच्या भागात डाळ-भात हा ताजा, भरपेट आणि भरवशाचा आहार होय. मांस खालून पाठीवर वाहून आणलेले असल्याने ते टाळणे बरे.

पैसे भरण्याआधी

लहान गटाची जाहिरात करणाऱ्याला गटाचा आकार सांगणे सोपे असते. इच्छुकाने त्यापुढे जाऊन पाहावे. कार्यक्रमात दोन जादा रात्री आणि एक राखीव दिवस आहे, दुसरा सक्षम वाटाड्या आहे आणि ‘मला बरे वाटत नाही’ हे वाक्य उच्चारल्यावर सदस्याला ऐकून घेतले जाईल अशी रीत आहे, तर तो गट खरोखर लहान गटाचे लाभ देऊ शकतो. यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर सदस्य आठ असोत की अठ्ठावीस, फरक केवळ जेवणाच्या टेबलांच्या संख्येत पडतो.

एक निर्णय मात्र प्रत्येक सदस्याने घर सोडण्यापूर्वीच, सपाटीवरील शांत डोक्याने घ्यावा आणि घरच्यांनाही सांगून ठेवावा : कोणती लक्षणे दिसल्यास आपण माघारी फिरणार. मेंदूला प्राणवायू कमी पडू लागल्यावर सर्वांत आधी विचारशक्ती मंदावते. ५००० मीटरवर हा प्रश्न पहिल्यांदाच सोडवायला बसणाऱ्याला योग्य उत्तर सापडेलच, याची खात्री देता येत नाही.